सिंहगड पायथ्यापासून चढायचाय? मग आधी आठवडा नीट लावून घ्या

गाडीने सिंहगडावर जाणारे पुण्यात ढिगाने आहेत, मीही त्यातलीच होते. दोन वर्षांपूर्वी घरचे सगळे गेलो होतो, पार्किंगपासून पुणे दरवाज्यापर्यंत ज्या थोड्या पायऱ्या आहेत ना, तेवढ्यात मला तीनदा थांबावं लागलं. तेव्हा वय एकेचाळीस. थांबले होते तिथून एक सत्तरीचे आजोबा गेले, पायथ्यापासून चालत आलेले, शर्ट घामाने चिंब, आणि जाता जाता म्हणाले, "चला ताई, दही वाट बघतंय." त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला हवं होतं, नुसतं वजन कमी करायचं वगैरे नव्हतं. त्यानंतर तीन महिन्यांनी मी पायथ्याच्या आतकरवाडीतून पायी गड चढले, आणि आता महिन्यातून एकदा तरी जातेच.

ऑफिसमधल्या दोघीतिघींनी विचारलं की नक्की काय केलंस, कुठून सुरुवात करू, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतीये. हे अगदी नवीन माणसासाठी आहे. नोकरी आहे, घर आहे, सकाळी डबे आहेत, आणि वर्षानुवर्षं व्यायामाशी संबंध नाही अशांसाठी.

आधी ठरवा काय, आणि काय सोडणार

बहुतेकांचं इथेच बिनसतं. एक जानेवारीला जिम, योगा, डाएट, वाचन, नवीन भाषा असं सगळं एकदम सुरू होतं आणि संक्रांतीपर्यंत सगळं बंद. मी बारा आठवड्यांसाठी तीनच गोष्टी ठरवल्या. एक शरीराचं ध्येय, म्हणजे गड. एक मनाचं, ते माझ्यासाठी मोडी लिपी शिकणं होतं. आणि रोज एक छोटी आनंदाची गोष्ट, जिचा कशाला काही उपयोग नसला तरी चालेल.

शरीराचं ध्येय "फिट व्हायचंय" असं ठेवू नका, ते कधी झालं हे कळतच नाही. जागा ठरवा. मी गड म्हणतीये कारण पुण्यात आहे, साताऱ्यात असाल तर अजिंक्यतारा आहे, नाशकात पांडवलेण्यांच्या पायऱ्या आहेत, तुमच्या गावात जी टेकडी किंवा देवळाच्या पायऱ्या असतील त्या. पायांनी पोचता आलं पाहिजे आणि आज तिथे पोचणं अवघड वाटलं पाहिजे, एवढंच बघा.

आणि काय सोडणार ते पण लिहा. हे कोणी सांगत नाही. दिवसाचा तास कुठून तरी येणारच ना. माझा यायचा रात्री साडेदहा ते बारा या वेळातून, मोबाईल हातात घेऊन आडवं पडलं की तो वेळ कुठे जायचा तेच कळायचं नाही. मी फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावायला लागले आणि साडेदहाला झोपायला लागले, सकाळी साडेपाचला जाग येणं त्यातूनच आलं, गजराच्या जोरावर नाही. झोप कापून व्यायाम करत असाल तर तिसऱ्या आठवड्यात आजारी पडाल, मी पाहिलंय जवळच्या माणसांचं.

तयारी, फार नाही

चाळिशीच्या पुढे असाल, बीपी-शुगर असेल, चालताना छातीत दुखत किंवा चक्कर येत असेल, तर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर चढाच्या दिवशी गोळी आणि खाणं कसं जमवायचं हे त्यांच्याकडूनच समजून घ्या, आणि खिशात साखर किंवा खायच्या गोड गोळ्या ठेवाच.

बूट तळाला चांगली पकड असलेले घ्या, संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, आणि पुढे अंगठ्यासमोर बोटभर जागा सुटली पाहिजे. उतरताना पाय पुढे सरकतात आणि जागा नसेल तर नखं काळी पडतात. नखं आदल्या दिवशी कापा. कपड्यांवर खर्च करू नका, मी जुन्या सुती कुर्त्यावर आणि ट्रॅकपँटवर सगळं केलं.

भिंतीवर कालनिर्णय असेलच. ज्या दिवशी चाललात त्या तारखेला गोल करा, निळ्या पेनाने. मोडी किंवा तुमचं जे असेल ते केलं तर लाल टिंब. घड्याळं आणि ॲप चांगली असतीलही, पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा गोल घरातल्या सगळ्यांना दिसतो आणि मग मुलगाच विचारतो, आई आज गोल नाही?

पहिले दोन आठवडे, सपाट रस्ता

रोज तीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, हिशोब तिथेच बसतो. मध्यम म्हणजे किती जोरात? चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. एवढं लक्षात ठेवलं की मशीन लागत नाही.

या दोन आठवड्यांत कंटाळा येतो कारण काहीच घडत नाहीये असं वाटतं. घडत असतं, पायाच्या पोटऱ्या आणि घोट्यांना सवय लागत असते, शिवाय ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायची सवय, आणि तीच जास्त अवघड आहे. पाऊस असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. बायकांसाठी एक, पाळीच्या दिवसांत दुखत असेल तर खुशाल सुट्टी घ्या, बरं वाटत असेल तर हळू चाला, दोन्ही ठीक आहे.

तिसऱ्या आठवड्यापासून पर्वती

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद, दगडी, आणि एकसारख्या नाहीत, म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधे दोन-तीन पावलं चालावं लागतं, त्यामुळे जिन्यासारखं धाप लावून चढता येत नाही, लय शोधावी लागते. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं मंदिर आहे, १७४९ चं, आणि नानासाहेब गेले तेही इथेच, पानिपतानंतर, १७६१ मध्ये. वर पोचल्यावर कठड्यापाशी उभं राहिलं की अख्खं शहर पायाशी दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर नैऋत्येला सिंहगडाचा टॉवर दिसतो. मी दर वेळी तिकडे बघायचे. जायचंय तिकडे ते डोळ्यांना दिसत असलं की मंगळवारच्या सकाळी उठणं सोपं जातं.

तिसऱ्या आठवड्यात आठवड्यातून दोनदा, एकच फेरी. बाकी दिवस सपाट चालणं. चौथ्यात दोन फेऱ्या. पाचव्यात तीन, पण एकाच दिवशी, दुसऱ्या दिवशी दोनच.

आता चढण्याबद्दल. पाऊल पूर्ण टेकवा, चवड्यांवर चढू नका, पोटऱ्या लगेच भरून येतात. नाकाने श्वास घ्या जमेल तितका. थांबायचं असेल तर थांबा पण बसू नका, उभ्यानेच दोन मिनिटं.

आणि उतरणं, यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण माझी चूक तिथे झाली. चढताना दम लागतो म्हणून आपल्याला वाटतं अवघड काम ते, पण मांडीच्या पुढच्या स्नायूंना खरा त्रास उतरताना होतो, कारण ते स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन धरून ठेवत असतात. म्हणून दुखणं त्याच दिवशी येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, खुर्चीतून उठताना कळतं. ते दुखणं साधं असतं, दोन-तीन दिवसांत जातं, तेवढ्यावरून घाबरायचं नाही. पण गुडघ्याच्या आत टोचणारं, सुजणारं दुखणं वेगळं. पाचव्या आठवड्यात ऑफिसच्या ऑडिटमुळे माझे चार दिवस बुडाले, ते भरून काढायला मी रविवारी एकदम पाच फेऱ्या मारल्या आणि उशीर होतोय म्हणून शेवटची जवळजवळ पळत उतरले. संध्याकाळी उजवा गुडघा सुजला. दहा दिवस बसून काढले, फिजिओथेरपिस्टकडे गेले, त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला आधीच सांगते: छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, वजन मागे न टाकता, आणि तिरकं उतरायचं असेल तर बाजू बदलत राहायचं. बुडालेला दिवस भरून काढायचा नाही, कधीच. तो गेला. पुढचा दिवस जसा ठरलाय तसाच करायचा.

त्यांनीच तीन व्यायाम दिले, आठवड्यातून दोनदा, दहा-बारा मिनिटं लागतात. खुर्चीतून हात न टेकता उठबस, दहाचे दोन सेट. जिन्याच्या खालच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून, कठड्याला धरून, टाचा वर करून मग हळूहळू पायरीच्या खाली सोडायच्या, दहाचे दोन. आणि भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, वीस सेकंदांपासून सुरुवात. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत माझं होऊन जातं.

खाण्याचं, थोडक्यात

मी डाएट केलं नाही. घरातलंच, फक्त रोज एका जेवणात मटकी-मूग-हरभऱ्याची उसळ किंवा दोन अंडी किंवा घट्ट दही असेल याची काळजी घेतली, कारण आपल्या पोळी-बटाटा-भातात प्रोटीन कमी पडतं. रात्रीचं जेवण आठला. चालायला जाताना अर्धं केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू. उन्हाळ्यात कोकम सरबतात चिमूट मीठ. विकतच्या पावडरी नवीन माणसाला लागत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे, तो पैसा बुटांवर घाला.

दुसरं ध्येय का लागतं

गुडघा दुखत होता ते दहा दिवस मी कोसळले असते, जर मोडी नसती. म्हणून म्हणते शरीराबरोबर एक असं ध्येय ठेवा जे बसून होतं. आमच्या गावच्या घरी पणजोबांच्या पेटीत कागद होते, कोणालाच वाचता यायचे नाहीत, आजोबा गेले आणि वाचणारं कोणी उरलं नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं, तिथे मोडीचे वर्ग झालेत हे ऐकून होते, पण मला वेळ जमेना म्हणून मी तक्ता आणून घरीच सुरू केलं.

रोज वीस मिनिटं. आधी नुसती डोक्यावरची रेघ पानभर ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं, कारण मोडीत आधी रेघ असते आणि मग हात न उचलता अक्षरं येतात. शब्दांमधे जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक पाळलेलं नसतं, त्यामुळे एकेक अक्षर लावत बसलात तर वाचताच येत नाही, अख्खी ओळ मनात म्हणून बघावी लागते. नवव्या आठवड्यात पहिल्यांदा एक ओळ लागली. एका विहिरीच्या हिश्शाचा कागद होता तो, त्यात पणजोबांच्या आईचं नाव होतं, जे घरात कोणालाही माहीत नव्हतं. मी रात्री साडेनऊला सासूबाईंना उठवून दाखवलं.

तुमचं काहीही असेल, पेटी वाजवायला शिकायचं असेल, कर्जाचा हिशोब लावायचा असेल, गोधडी शिवायची असेल. वेळ छोटा ठेवा आणि ठरलेला ठेवा, चहानंतर लगेच किंवा मुलं झोपल्यावर. आणि व्यायामाच्या ध्येयाशी त्याची तुलना करू नका. एक अडलं की दुसरं हात देतं, म्हणून तर दोन.

रोजचा आनंद, हा पण यादीतच

हे शेवटी लिहितीये पण पहिल्या दिवसापासून करायचं. नियम दोन. त्याच दिवशी व्हायला हवं, आणि काही "मिळवून" देणारं नको. माझ्याकडे गॅलरीत गवती चहाची कुंडी आहे, फिरून आले की दोन पाती कापून, आलं किसून चहा करायचा आणि सासूबाईंबरोबर गॅलरीत बसून प्यायचा, पंधरा मिनिटं, कामाचं काही बोलायचं नाही. त्या मला त्यांच्या लहानपणीचं सांगतात. उन्हाळ्यात मंडईतून येताना मोगऱ्याचा गजरा. रविवारी मुलाबरोबर पत्ते. नवऱ्याचं वेगळंय, तो रात्री गच्चीवर जाऊन दहा मिनिटं जुनी गाणी ऐकतो, एकटा, आम्ही कोणी जात नाही.

आधी मी हे सगळं "गड झाल्यावर" असं ठेवलं होतं, वजन कमी झालं की साडी घेईन, गड झाला की सुट्टी घेईन. त्याने नुसती चिडचिड वाढली. तीन आठवड्यांनी बदललं, आणि खरं सांगते, सकाळी पाय अंथरुणाबाहेर पडायचे ते बरेचदा त्या चहासाठी.

सहा ते अकरा

आता रविवार लांब करा. सहाव्या ते आठव्या आठवड्यात तळजाई किंवा वेताळ टेकडी, दीड तास, मातीची वाट, चढउतार. दोन्हीकडे मोर दिसतात, लवकर गेलात तर. टेकडीवर रोजची मंडळी भेटतात, कोणी झाडांना पाणी घालायला कॅन घेऊन आलेलं असतं, तुम्ही पण एक बाटली जास्त न्या आणि रोपाला घाला, पाठीवर वजन घेऊन चढायचा सराव आपोआप होतो. आठवा आठवडा मुद्दाम हलका ठेवा, सगळं निम्मं.

नवव्या आठवड्यात सिंहगडाच्या पायथ्याला जा, पण पूर्ण चढू नका. स्वारगेटहून पीएमपीची बस जाते पायथ्यापर्यंत. अर्धा तास चढा, कुठे पोचलात ते बघा, परत फिरा. लोक विचारतील, एवढं आलात आणि परत? हो, परत. वाट ओळखीची झाली की मनावरचं अर्धं ओझं उतरतं. अकराव्यात पाऊण तास.

गडाचा दिवस

आतकरवाडीतून वाट साधारण पावणेतीन किलोमीटरची आहे आणि जवळपास ६०० मीटर उंची चढायची असते, गडमाथा समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास आहे. रोजचे लोक पाऊण तासात जातात. तुम्ही दीड-दोन तास धरा. उजाडलं की चालायला लागा, मार्च ते मे तर नक्कीच, वर सावली कमी आहे. शक्यतो शनिवार-रविवार टाळा, नाहीतर अगदी पहाटे. पावसाळ्यात पहिलाच गड करू नका, दगड निसरडे होतात, आणि जोराचा पाऊस असला की गड बंदही ठेवतात. एकट्याने जाऊ नका पहिल्यांदा, आणि घरी सांगून जा.

दीड-दोन लिटर पाणी, केळी, शेंगदाण्याची चिक्की, टोपी, छोटा टॉवेल. वाटेत मावश्या ताक, लिंबू सरबत, काकडी घेऊन बसलेल्या असतात, उन्हाळ्याच्या शेवटी करवंदं पण. त्यांच्याकडून घ्या, तेवढंच थांबणं होतं आणि त्या माऊल्या रोज हे सगळं डोक्यावर घेऊन वर येतात. रिकामी बाटली आणि साली पिशवीत घालून खाली आणा.

पहिला टप्पा झाडीतला, तिथे जोर लावून दमून जाऊ नका, सगळे तीच चूक करतात. मधला दगडांचा चढ लांब वाटतो, तिथे पर्वतीची लय आठवा. मोजत चढलं तर बरं पडतं, मी शंभर पावलं झाली की दहा श्वास उभं राहायचे. मग पायऱ्या येतात आणि पुणे दरवाजा, एकामागे एक तीन दरवाजे आहेत. तिथे आतून जाताना दगडावर हात ठेवा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे हा गड घेताना पडले, आणि ते तर वाटेने नाही, कडा चढून आले होते.

वर गेल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं हळूहळू फिरा. देवटाक्याकडे जा, तानाजींच्या समाधीपाशी थोडं थांबा. टिळकांचा बंगला पण आहे, १९१५ मध्ये गांधीजी आणि टिळक तिथे भेटले होते. कड्याच्या टोकाला फोटोसाठी जाऊ नका, दमलेल्या पायांचा भरवसा नसतो. आणि मग जेवा. चुलीवरची ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, फोडलेला कांदा, शेवटी मडक्यातलं दही. मी पहिल्यांदा चढून गेले तेव्हा त्या दह्याचा पहिला चमचा तोंडात घातला आणि मला रडू आलं. वाढणाऱ्या काकूंनी काही विचारलं नाही, दुसरं मडकं आणून ठेवलं. पैसे द्यायला लागले तर एकाचेच घेतले.

जेवण झाल्यावर अर्धा तास टेका, मग उतरायला लागा. घाई अजिबात नाही, छोटी पावलं, हातात काठी असेल तर उत्तम. घरी आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवा, भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणा, लवकर झोपा. कालनिर्णयवर त्या तारखेला मुलाने माझ्यासाठी दोन गोल केले होते, एकात एक. दुसऱ्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं सपाट, आणि पाय मोकळे वाटले तर पाचव्या दिवशी परत पर्वती, एकच फेरी.